फलटणची फरशी, अलास्काचा बर्फ

आमच्या फ्रिजवर एक चौकटींचा कागद लावलेला आहे. गणिताच्या वहीसारख्या बारीक रेषा आणि मधोमध एक काळा ठिपका. रोज सकाळी चहाआधी आई त्याच्यासमोर उभ्या राहतात, एक डोळा हातानं झाकतात आणि दुसऱ्यानं ठिपक्याकडे बघतात. रेषा सरळ दिसल्या तर चहा. वाकड्या दिसल्या तर डॉक्टरांना कळवायचं.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय चौऱ्याहत्तर. फलटणच्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. सासरे गेल्यावर आमच्याकडे सिंगापूरला आल्या, बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेला. ज्याच्याकडे सरळ बघावं ते दिसत नाही, बाजूचं दिसतं. डावा डोळा चांगला होता.

मार्चमधल्या एका सकाळी त्या कागदासमोर जरा जास्त वेळ थांबल्या.

"डाव्यातही वाकल्या," म्हणाल्या. "तू चहा टाक."

डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. वेग कमी होईल, किती ते सांगता येत नाही, म्हणाले. परत येताना आम्ही एलआरटीत बसलो. आमच्याकडची ही छोटी गाडी इमारतींना इतकी खेटून जाते की लोकांच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून तिच्या खिडक्या ठरावीक ठिकाणी आपोआप धूसर होतात. आई बाहेर बघत होत्या. काच पांढरी झाली आणि त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"खिडकीच आहे ना?"

"खिडकीच आहे, आई."

काच पुन्हा स्वच्छ झाली. त्यांनी मनगट सोडलं नाही. घर यायला दोन स्टेशनं राहिली तेव्हा म्हणाल्या, "मला हिमनदी बघायचीय. तीस वर्षं शिकवली, बघितली नाही एकदाही."

म्हणून आम्ही अलास्काला गेलो. हे लिहितेय ते मुख्यतः अशा लोकांसाठी, ज्यांना घरातल्या वयस्क माणसाला हिमनदी दाखवायची आहे आणि सुरुवात कुठून करावी ते कळत नाहीये. हिमालयात हिमनदीपर्यंत चालावं लागतं आणि उंचीवर दम लागतो. अलास्कात ग्लेशियर बे नावाचा एक संरक्षित उपसागर आहे. तिथे हिमनद्या समुद्रसपाटीला येऊन थेट पाण्यात संपतात, आणि जहाज तुम्हाला खुर्चीत बसल्या बसल्या त्यांच्या तोंडाशी नेतं. दिवसाला मोजक्याच जहाजांना आत सोडतात. त्यामुळे बुकिंग करताना मार्गात हा उपसागर नक्की आहे ना, ते बघून घ्या. अलास्काची सगळी जहाजं तिथे जात नाहीत.

भारतीय पासपोर्ट असेल तर दोन व्हिसा लागतात. एक अमेरिकेचा. दुसरा कॅनडाचा, तोही एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा, कारण जहाज व्हँकूवरहून निघतं आणि व्हँकूवरलाच परततं. अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख आधी मिळवा, जहाजाचे पैसे नंतर भरा. आम्ही उलट केलं आणि सहा आठवडे जीव टांगणीला लागला. सगळ्यात स्वस्त, बिनखिडकीची केबिन घेतली. त्याचं वाईट वाटलं नाही. दिवसभर डेकवरच असतो आपण.

सिंगापूरच्या माणसाकडे थंडीचे कपडे नसतात. जुरोंग ईस्टच्या मॉलमध्ये हातमोजे आणि लोकरीच्या टोप्या घेतल्या, जाड कोट शेजाऱ्यांकडून मागून आणले. माझ्या नवऱ्याला, अमेयला, सुट्टी मिळाली नाही. तेव्हा आम्ही तिघी निघालो: आई, मी आणि इरा. इरा माझी मुलगी, अकरा वर्षांची. आजीशी ती इंग्रजीत बोलते, आजी तिच्याशी मराठीत, आणि दोघींचं कधी अडत नाही.

विमान सिंगापूरहून सकाळी निघालं आणि पंधरा तास उडून त्याच दिवशी, जवळपास त्याच वेळेला व्हँकूवरला उतरलं.

"मग आपण पंधरा तास कुठे होतो?" इरानं इंग्रजीत विचारलं.

"वाररेषा ओलांडली आपण," आई म्हणाल्या. एवढा वेळ त्या विमानात डोळे मिटून होत्या, झोपल्यात असं मला वाटलं होतं. "मोसंबं आण, दाखवते."

"आजी, प्लेनमध्ये मोसंबं कुठून आणू लाह." तिच्या इंग्रजीत सिंगापूरचा हा 'लाह' वाक्याच्या शेवटी येतोच.

मोसंबं नव्हतंच. फळं आणि बिया आम्ही आणल्या नव्हत्या. तुम्हीही नेऊ नका. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी बंद पाकिटातून नेली, कस्टमच्या फॉर्मवर लिहिली, कोणी काही म्हणालं नाही. जहाजावर शाकाहारी जेवण मिळतं. आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर डाळही करून देतात, फोडणी मात्र आपली नसते. आईंनी चौथ्या दिवसापासून दोन्ही जेवणांना भात, लोणी आणि मेतकूट एवढंच घेतलं. वाढणाऱ्यानं एकदा वास घेऊन बघितला आणि भुवया वर केल्या. इरानं त्याला सांगितलं, "ट्रस्ट मी."

जूनो आणि स्कॅगवे ही वाटेतली गावं. जूनोला आम्ही बंदराजवळच फिरलो. स्कॅगवेची डोंगरातली आगगाडी छान आहे, डाव्या बाजूला बसा. पण आईंचं मन त्यात नव्हतं. "उद्या ना?" असं त्यांनी दिवसातून तीनदा विचारलं. मीही त्या सगळ्या दिवसांत एक वाईट सवय लावून घेतली होती. जे दिसेल ते सांगत सुटले होते. आई, डावीकडे धबधबा आहे. आई, पाण्यात सील आहे, काळा, डोकं तेवढं वर. स्कॅगवेच्या गाडीत त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सांगू नकोस गं. तू सांगितलंस की मला तुझंच दिसतं."

मला राग आला होता, तो स्टेशन येईपर्यंत उतरला.

उपसागराचा दिवस पाचवा होता. आदल्या संध्याकाळी जेवणाच्या रांगेत असताना स्पीकरवर सूचना झाली. उद्या उघड्या डेकवर कागदी कप, नॅपकिन, उडून जाईल असं काहीही नेऊ नका. पाण्यात कागदाचा तुकडासुद्धा पडता कामा नये. मी ऐकलं आणि विसरले.

पहाटे साडेपाचला लख्ख उजेड होता. दहाव्या मजल्यावर जहाजाच्या नाकाशी एक हॉल आहे, तीन बाजूंनी काचेचा. सगळ्या ब्लॉगवर लिहिलेलं असतं की तिथे लवकर जाऊन जागा धरा. आम्ही सहाच्या आत पोहोचलो. अगदी पुढच्या रांगेत, मधोमध, तीन खुर्च्या मिळाल्या. आईंना गोळीआधी खावं लागतं. तेव्हा मी पर्समधून टिश्यूची तीन पाकिटं काढली, एकेका खुर्चीवर एकेक ठेवलं आणि आम्ही नाश्त्याला गेलो.

सिंगापूरमध्ये राहणाऱ्यांना यात काही विशेष वाटणार नाही. इथे हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडपात, टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ते टेबल तुमचं. याला 'चोप' करणं म्हणतात. तुम्ही निवांत रांगेत उभे राहा, कोणी हात लावणार नाही. चौदा वर्षांत माझं पाकीट कोणी हलवलेलं नाही. ही पद्धत जगात सगळीकडे नसते, हे मला माहीत होतं. पण हाताला ते माहीत नव्हतं.

पंचवीस मिनिटांनी परत आलो तर खुर्च्यांवर माणसं होती. दुर्बिणी, पांघरुणं, सगळा सरंजाम मांडून बसलेली. टिश्यू कुठेच नाहीत.

"बट वी चोप्ड इट," इरा म्हणाली.

कडेच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी तिच्याकडे गोंधळून बघितलं. "इथे काहीच नव्हतं," ते म्हणाले. खोटं बोलत नव्हते. मागे हॉलचा एक कर्मचारी पिशवी घेऊन फिरत होता आणि त्या पिशवीत नॅपकिन, पेले, वर्तमानपत्रं आणि आमची तीन पाकिटं होती. हॉलचं दार थेट डेकवर उघडत होतं. कागद आवरणं हे त्याचं त्या सकाळचं कामच होतं.

मला त्या माणसांना उठवायचं होतं. आईंच्या डोळ्यांबद्दल सांगितलं असतं तर ती उठलीही असती. मी तोंड उघडलं आणि आईंनी माझी बाही ओढली.

"नको. डोळ्यांची कहाणी सांगून जागा नको मला."

"अहो आई, पण इथूनच दिसतं समोरचं."

"पहिल्या बाकासाठी मुली भांडायच्या वर्गात. फळा सगळा दिसतो तो शेवटच्या बाकावरून." मग त्या हसल्या. "आणि समोरचं मला कुठे दिसतंय?"

मला हसू आलं नाही. इतक्या लांब आणून, इतक्या महिन्यांनी, एक जागा धरणं एवढंच माझं काम होतं.

तो कर्मचारी जवळ आला. छातीवरच्या पट्टीवर डॅनी लिहिलेलं. मनिलाचा. पिशवीतून एक पाकीट काढून त्यानं विचारलं, "तुम्ही सिंगापूरचे?"

"कसं कळलं?"

"ऑर्चर्ड रोडवरच्या हॉटेलात तीन वर्षं होतो, मॅम. खुर्चीवर टिश्यू बघितला तेव्हाच कळायला हवं होतं. सॉरी हां. रिकामी खुर्ची आणि कागद, मी उचलून टाकला." तो आईंकडे वळला. "आजी, इथे सगळे काचेतून बघतात. तुम्ही खाली चौथ्या मजल्यावर जा, मागच्या बाजूला. उघडा डेक आहे. पाण्याच्या जवळ. तिथे आवाज ऐकू येतो."

"काय म्हणतो?" आईंनी विचारलं. त्यांना इंग्रजी येतं, पण त्याचा उच्चार नवा होता.

"खाली जा म्हणतोय, आजी. तिथे आवाज येतो," इरानं चक्क मराठीत सांगितलं.

डॅनीनं तीन पांघरुणं दिली आणि टिश्यूची पाकिटं परत केली, ती खिशात ठेवा असं बजावून.

खालच्या डेकवर सातआठ माणसं होती. आणि धुकं. कठडा दिसत होता, त्यापलीकडे काही नाही. आई कठडा धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी बाजूला न बघता विचारलं,

"खिडकीच आहे ना?"

"धुकं आहे, आई. कोणालाच दिसत नाहीये."

त्यांनी मान हलवली.

हवा आठनऊ अंश असावी, पण वाऱ्यामुळे फार कमी वाटते. कानटोप्या न्याच. नऊनंतर धुकं पाण्यावरून सुटं झालं, जाजम उचलावं तसं खालून वर. आधी काळं पाणी, मग देवदारांसारखी झाडं, मग कडे. जहाज जसं आत जातं तशी झाडं खुजी होतात, मग झुडपं, मग नुसता खडक. अडीचशे वर्षांपूर्वी हा उपसागर जवळजवळ तोंडापर्यंत बर्फानं भरलेला होता. बर्फ जसा मागे सरला तशी जमीन उघडी पडत गेली, आणि जी सगळ्यात शेवटी उघडी पडली तिच्यावर अजून काही उगवलेलं नाही.

हे आम्हाला या उपसागराच्या राष्ट्रीय उद्यानातल्या रक्षक बाईंनी सांगितलं. सकाळी छोट्या बोटीतून येऊन दोरीच्या शिडीनं हे लोक जहाजावर चढतात आणि दिवसभर डेकवर फिरून माहिती देतात. पैसे लागत नाहीत, काहीही विचारा. या तिशीतल्या होत्या, सपाट काठाची टोपी, नाक थंडीनं लाल.

आईंनी मान सरळ केली. शाळा तपासनीस आल्यावर करत असतील तशी.

"मॅडम, हँगिंग व्हॅली कुठे आहे?"

रक्षक बाई थबकल्या. हा प्रश्न रोज येत नसावा. त्यांनी डाव्या कड्याकडे हात केला. मोठ्या दरीच्या भिंतीत, अर्ध्या उंचीवर, एक छोटी दरी तुटल्यासारखी संपत होती आणि तिच्या तोंडातून पाणी खाली पडत होतं. आईंनी तिच्या बाजूच्या मोकळ्या खडकाकडे बघितलं. आता त्या असंच बघतात. ज्याला बघायचं त्याच्या जरा शेजारी. नवख्या माणसाला वाटतं, यांचं लक्ष नाही.

"लोंबती दरी," त्या मला म्हणाल्या. "आणि खालची यू आकाराची. मी फळ्यावर काढायचे त्याहून जरा उघडी आहे."

"तुम्ही शिक्षिका?" रक्षक बाईंनी विचारलं.

"थर्टी इयर्स. सेम लेसन."

"मला तोच धडा दरवर्षी बदलावा लागतो," त्या म्हणाल्या. "बर्फाची थांबायची जागा मागे मागे जाते."

मग त्यांनी इथल्या मूळ लोकांची गोष्ट सांगितली. त्यांचं गाव या उपसागरातच होतं. बर्फ पुढे सरकत आला आणि सगळं गाव उठून गेलं. ते लोक अजूनही याला घरच म्हणतात. आईंनी इराकरवी सांगितलं, की आमच्या जिल्ह्यात धरणाच्या पाण्यानं गावं उठवली. रक्षक बाईंनी ते दोनदा समजून घेतलं आणि टोपी काढून पुन्हा घातली.

अकराच्या सुमारास जहाज थांबलं. समोर बर्फाची भिंत होती. आमच्या पंचवीस मजली ब्लॉकएवढी उंच, आणि दोन्ही बाजूंना इतकी लांब की मान वळवावी लागत होती. इंजिनाची घरघर मंदावली. इथे जहाज तासभर थांबतं आणि जागच्या जागी हळूहळू वळतं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लोकांना दिसावं. तेव्हा पहिल्या रांगेसाठी जीव टाकू नका. हे कुठल्याही ब्लॉगवर लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी लिहितेय.

आधी आवाजच आले. बर्फाच्या आतून, लाकूड तडकावं तसे. लोक कुजबुजत होते. डावीकडे एक सुळका पुढे झुकला होता, केव्हाही पडेल असा, आणि सगळे कॅमेरे त्याच्यावर रोखलेले होते. मीही तिकडेच बघत होते. मी आईंना काही सांगितलं नाही.

आई मात्र भलतीकडे तोंड करून उभ्या होत्या. उजव्या टोकापलीकडचा काळा खडक आणि पाणी यांच्याकडे.

"आजी, नॉट देअर लाह. फ्रंटला बघ," इरा त्यांच्या कोटाला धरून म्हणाली.

"पडलं," आई म्हणाल्या.

आम्ही वळलो. भिंतीच्या उजव्या बाजूचा एक अख्खा तुकडा सुटून खाली निघाला होता, घाई नसल्यासारखा. तो पाण्यात गेला, पांढरा फवारा वर आला, आणि क्षणभरानं आवाज आमच्यापर्यंत पोहोचला. तो पोटात ऐकू येतो. वरच्या मजल्यावरून लोकांचा "कुठे, कुठे?" असा गलका आला. झुकलेला सुळका तसाच उभा होता.

"तुला कसं दिसलं?" इरा गोंधळात मराठीतच बोलत होती.

"हललं ना ते. कडेला काही हललं की मला लगेच कळतं."

तुकडा सुटला होता तिथे भिंत आता वेगळ्या रंगाची होती. आई त्या रंगाच्या बाजूला बघत राहिल्या. लाट आली, जहाज जरासं डुललं, मी त्यांची कोपरं धरली.

"हे निळं आहे," त्या म्हणाल्या. प्रश्न होता की नाही, कळलं नाही.

"हो."

"तीस वर्षं मी पांढरा खडू वापरला. निळा नदीसाठी ठेवायचे." मग म्हणाल्या, "कोणी सांगितलंच नाही."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वाराही होता. मी खिशातून टिश्यूचं पाकीट काढलं आणि डॅनीची आठवण होऊन परत ठेवलं. हातमोज्यानंच त्यांचा गाल पुसला. त्यांनी पुसू दिला.

परतीत केचिकन बंदरात पाऊस होता, आम्ही उतरलोच नाही. डॅनीला आईंनी उरलेल्या चटणीचं पाकीट दिलं. सिंगापूरला पोहोचायला एक अख्खा दिवस हरवतो, जाताना मिळालेला परत द्यावा लागतो. चांगी विमानतळाबाहेर आलो आणि दमट हवेनं चष्मे पांढरे झाले. आईंनी या वेळी काही विचारलं नाही. पदरानं काच पुसली.

लोक विचारतात, एवढा खर्च, एवढी धावपळ, कशाला? आईंच्या डोळ्याचं काय झालं, हेही विचारतात. इंजेक्शनं चालू आहेत. फ्रिजवरच्या कागदावर मधल्या चार चौकटी आता मोडल्या आहेत. बाहेरच्या अजून उभ्या आहेत.

गेल्या रविवारी इरा म्हणाली, शाळेत ग्लेशियर शिकवलं, पण बर्फ खडक कसा खरवडतो ते तिला पटत नाही. बर्फ तर मऊ असतो. फलटणला आई एप्रिलमध्ये बर्फाच्या कारखान्यातून लादी मागवायच्या, सायकलवर, भुशात गुंडाळून. लादीच्या पोटात खडी गोठवून आणायला सांगायच्या. चार मुली ती लादी वर्गाच्या शहाबादी फरशीवरून ओढायच्या. मुख्याध्यापकांनी फरशीबद्दल लेखी खुलासा मागितला होता. ते ओरखडे अजून आहेत, असं त्यांच्या विद्यार्थिनी सांगतात.

आमच्याकडे फरशी नाही, घरमालकाच्या टाइल्स आहेत. तेव्हा इरानं वाटीत पाणी आणि कुंडीतली खडी घालून ती फ्रीजरमध्ये ठेवली, आणि आईंनी कपडे धुण्याच्या साबणाची नवी वडी काढायला लावली. ओट्यावर आजीचा हात इराच्या हातावर, असा त्यांनी तो गोळा वडीवरून दाबून ओढला. एकदाच. मग बर्फ सिंकमध्ये टाकला.

"डोळे मीट," आई म्हणाल्या. "आता अंगठा फिरव. बर्फ कुठून कुठे गेला?"

इरानं डोळे मिटले. अंगठा पुढे नेला, मागे आणला. "या बाजूला साबण जमलाय. सो, इकडे गेला."

"बरोबर."

मग त्यांनी वडी आपल्याकडे ओढली. खिडकीकडे तोंड करून, वडीकडे न बघता, त्या ओरखड्यांवरून सावकाश अंगठा फिरवत राहिल्या. सिंकमधला बर्फ वितळून खडी तेवढी उरली होती.

"या रेषा सरळ आहेत," त्या म्हणाल्या.

मी चहा टाकला.